दोन मिनिटं एकतीस सेकंदांची सभा

मुरोई कात्सुजी म्हणजे अबोल माणूस, असं आमच्या बेटावर अजूनही सांगतात. सांगणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर कधी दुपारचा डबा खाल्लेला नसावा. ऑक्टोपस धरायचं मडकं कोणत्या खडकापाशी बुडवायचं, यावर ते अर्धा तास बोलायचे आणि समोरच्याला उठायची सोय ठेवायचे नाहीत. बोलणं आवरायचे ते फक्त सकाळी, सात पन्नासला. त्या सकाळच्या बोलण्याबद्दलच मी लिहिणार आहे, कारण त्यात एक माणूस मेला, दुसऱ्याचं नाव गेलं, आणि सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी तेवढी सुखरूप राहिले.

मी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात कारकून होते आणि मुरोईसान सुक्या गोदीवरच्या अकरा जणांचे मुकादम. वर टेकडीवर संत्र्यांच्या बागा आहेत, तिथल्या एका घरातून ते पंधराव्या वर्षी खाली कामाला आले ते परत वर गेलेच नाहीत. जहाज ओढायच्या विंचच्या दोरात डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली होती. वडील ठार बहिरे. "बापाला ओठ वाचता यायचे," ते सांगत, "पण लांब वाक्य त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर सांडून जायचं. म्हणून आम्ही सगळे तुकडे पाडून बोलायचो." बायको फुसाए चाळिशीतच गेली, मूलबाळ नव्हतं. डब्यावरचं बोलणं त्यामुळेच लांबत असणार.

ते मुकादम झाले तेव्हा आमच्याकडे सकाळची सभा म्हणजे शिओमी साहेबांचं भाषण होतं. शिओमी साहेब कारखान्याचे व्यवस्थापक. रेडिओ लावून सगळ्यांनी करायचा व्यायाम संपला की ते लाकडी खोक्यावर चढायचे आणि पंचवीस मिनिटं, कधी अर्धा तास, उतरायचे नाहीत. जगात मंदी कशी येतेय, आपल्या आजोबांनी किती कष्ट केले, सुरक्षितता म्हणजे काय. फेब्रुवारीत काँक्रीटवर उभ्या माणसांच्या पायांतली धग संपून जायची. एके दिवशी भाषण संपल्यावर मुरोईसाननी आपल्या अकरा जणांना विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"सुरक्षितता," एकजण म्हणाला.

"सुरक्षिततेचं काय?"

क्रेनवाला हिनो म्हणाला, "मुरोईसान, काल रात्री बायको काय म्हणाली तेही मला आठवत नाही. आणि तिच्याकडे तर जेवणाची ताटली असते."

सगळे हसले. मुरोईसान हसले नाहीत. त्या दिवशी त्यांचे दोन वेल्डर एकाच जागी काम करायला पोचले होते आणि तिसरा दहा वाजेपर्यंत क्रेनची वाट बघत बसला होता. "अर्धा तास उभे राहतात," ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "आणि मग दहापर्यंत एकमेकांना शोधत हिंडतात. मित्सुए, ह्याला सभा म्हणायचं?"

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी आपली वेगळी सभा सुरू केली. जागा निवडली विंचच्या शेडची उत्तरेकडची बाजू, जिथे समुद्रावरचा वारा सरळ अंगावर येतो. तिथे बोलणं लांबवायची कुणाला हौस येत नाही. खिशातून हात बाहेर, सिगारेट नाही, चहा नाही, टेकायचं नाही. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय झालं, आज कुठे जाणार, आणि काय अडतंय किंवा कशाची भीती वाटतेय. सगळं मिळून चार मिनिटं. कुणाचं लांबायला लागलं की मुरोईसान तो अर्धवट बोटांचा हात वर करायचे आणि म्हणायचे, "नंतर. मी येतो तुझ्याकडे."

आणि ते जायचे. सभेचा सगळा जीव त्या जाण्यात होता, हे मला फार उशिरा कळलं. सभा मोडली की ते ज्याला ज्याला 'नंतर' म्हटलं असेल त्याच्या कामाच्या जागी पोचायचे, मग तो जहाजाच्या तळाशी असो की डोलकाठीवर. दोन मिनिटं थांबायचे, ऐकायचे, आणि जे करायचं ते तिथेच ठरवायचे. कुणी काही बोललं आणि त्याचं काही झालंच नाही, असं त्यांच्या टोळीत घडत नसे. म्हणून माणसं बोलायची.

आता तोबिताबद्दल सांगते. तोबिता वेल्डर होता, पलीकडच्या लहान बेटावरून रोज पहिल्या बोटीने यायचा. वय चव्वेचाळीस. हाताखालचा सांधा असा बसवायचा की तपासनीस नुसतं बोट फिरवून पुढे जायचे. पण बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर तोंडात अडकायचं आणि मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. त्याची पाळी आली की मुरोईसान समुद्राकडे बघायचे, जसं काही एखादी बोट कुठली आहे ते ओळखतायत. बाकीचे आपापले बूट बघायचे. कुणी त्याचा शब्द पुरा करून द्यायचा नाही, असा अलिखित नियम होता. हिनोने एकदा तो मोडला तेव्हा मुरोईसान त्याला म्हणाले, "तुझी क्रेन दुसऱ्याने चालवलेली तुला चालेल का?" तोबिताला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागायचा. तरी सभा चार मिनिटांत व्हायची, कारण बाकीचे त्याच्यासाठी चार सेकंद वाचवून ठेवायचे.

अशी साडेतीन वर्षं गेली. त्या काळात मुरोईसानच्या टोळीतल्या एकालाही इस्पितळात न्यावं लागलं नाही. शिओमी साहेबांनी आधी नाक मुरडलं. मग मुख्य कचेरीतून कुणीतरी आलं, त्याने सभा पाहिली, कौतुक केलं, आणि साहेबांना आठवलं की ही कल्पना मुळात त्यांचीच होती. भिंतीवर पितळी पाटी लागली. कंपनीच्या मासिकात फोटो आला. साहेबांनी मुरोईसानना एक स्टॉपवॉच भेट दिलं, शाळेच्या क्रीडादिनाला असतं तसं.

त्या घड्याळाने सगळं नासवलं, असं मी पूर्वी म्हणायचे. ते खरं नाही. घड्याळ बिचारं काय करणार. आम्हाला सगळ्यांनाच त्याची गोडी लागली होती. दुपारी डबा उघडताना पहिला प्रश्न असायचा, "आज किती?" तीन मिनिटं चाळीस. तीन वीस. एकदा तीनच्या आत आली तेव्हा हिनोने सगळ्यांना गरम कॉफीचे डबे आणून दिले. मुरोईसान, ज्यांना फुशारकी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, ते घड्याळ माझ्यासमोर धरून उभे राहिले. सत्तावन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा बक्षीस मिळालेल्या पोराचा आनंद मी त्या दिवशी पाहिला, आणि मलाही बरं वाटलं.

वेळ कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग सगळ्यांना आपोआप सापडला. तिसऱ्या गोष्टीची पाळी आली, काय अडतंय, कशाची भीती, की म्हणायचं, "विशेष काही नाही." झालं. पुढचा. आधी एकदोघे म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले. तोबितासुद्धा. आश्चर्य म्हणजे हे तीन शब्द तो न अडखळता म्हणायचा. घरी आरशासमोर पाठ केले होते, असं त्याच्या बायकोने मला पुढे सांगितलं.

सभेचा कागद मी भरायचे. प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने, आणि तिसऱ्यात रोज अकरा वेळा तेच लिहायचं. माझा हात दुखायचा. म्हणून मी बोटीच्या धक्क्यावरच्या शिक्केवाल्याकडून एक रबरी शिक्का करून घेतला: विशेष काही नाही. मुरोईसानना दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, तळव्यावर उमटवून पाहिला आणि म्हणाले, "मित्सुए, डोकं आहे तुला." त्या शाबासकीवर मी दोन दिवस खूश होते.

हळूहळू दुसऱ्या कारखान्यांतून पाहुणे यायला लागले, महिन्यातून एकदा, मग दोनदा. पाहुणे आले की सभा संपल्यावर मुरोईसानना साहेबांच्या खोलीत चहाला बसावं लागे. साहेब सांगायचे आणि मुरोईसान मान डोलवायचे. 'नंतर' म्हटलेलं त्या दिवसांत राहून जायचं. तशीही 'नंतर' म्हणायची वेळ आता क्वचितच यायची.

१९९३च्या नोव्हेंबरातली गोष्ट. आठ पाहुणे येणार होते. पाहुण्यांना सभा संपल्याबरोबर कागद बघायला हवा असतो, आणि ओली शाई त्यांच्या हाताला लागलेली बरी दिसत नाही. म्हणून मी सकाळी साडेसातलाच, टोळी जमायच्या आधी, अकराही नावांपुढे शिक्के मारून ठेवले. मग कागद लिहायच्या पाटीवर लावला आणि पाटी छातीशी धरून मुरोईसानच्या समोर उभी राहिले.

गोदीत एक जुनं मालवाहू जहाज होतं. त्याच्या तळाच्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून आत रंगाचं काम चाललं होतं. बंद टाकीत गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. आत वास येत नाही, धूर दिसत नाही. दोन श्वास घेतले की माणूस खाली बसतो आणि मग उठत नाही. म्हणून बाहेर पंखा लावून जाड नळीने आत सतत हवा सोडायची असते. तिसऱ्या टाकीत ओगुनीसानचं काम होतं. ओगुनीसान आमचे रंगारी, त्रेपन्न वर्षांचे, डब्यात रोज एकच खारवलेला आलुबुखार आणणारे आणि दुसऱ्याच्या डब्यातलं हक्काने खाणारे. आदल्या संध्याकाळी त्या टाकीची हवा मोजून झाकणावर पाटी लावली होती: हवा चांगली. पाटी लावल्यावर दुसऱ्या टोळीने ती नळी उचलून पाचव्या टाकीवर नेली. शेवटची बोट पकडायला जाताना तोबिताने हे पाहिलं होतं. आमच्यातल्या दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

सभा सुरू झाली. पाहुणे अर्धगोल करून उभे. साहेब त्यांच्या मागे. ओगुनीसान म्हणाले, "काल तिसरी टाकी, आज तिसरी टाकी, विशेष काही नाही." हिनो, इतर, सगळे भराभर. तोबिताची पाळी आली. त्याने कालचं सांगितलं, आजचं सांगितलं. मग तो थांबला. ओगुनीसानकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडलं.

"न... न... न..."

मी त्याच्याकडेच बघत होते. मानेची शीर वर आली होती. हा शब्द तीन शब्दांतला नव्हता, एवढं मला तेव्हाच कळलं. पाहुण्यांतला एकजण खाकरला. दुसऱ्याने नजर वळवून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आणि मुरोईसान त्या दिवशी समुद्राकडे बघत नव्हते. ते स्टॉपवॉचकडे बघत होते. त्यांचा डावा हात वर गेला.

तोबिताने तोंड मिटलं. मग अगदी स्वच्छ म्हणाला, "विशेष काही नाही."

दोन मिनिटं एकतीस सेकंद. इतकी लहान सभा कधीच झाली नव्हती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तोबिता ऑफिसच्या दाराशी आला. टोपी हातात होती. आत साहेबांच्या खोलीत चहा चालला होता, साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"मु... मुरोईसान?"

"पाहुणे आहेत, तोबितासान," मी म्हटलं. "दहानंतर या ना."

तो एवढासा वाकला आणि गेला. ओगुनीसान नेहमी दहाचा चहा घेऊन मग टाकीत उतरायचे, त्यामुळे वेळ आहे असं त्याला वाटलं असणार. तो सामानाच्या कोठारात गेला, अर्ज भरला, सही घेतली, दुसरी नळी खांद्यावर घेऊन गोदीत उतरला. पण साहेबांनी पाहुण्यांना जहाज दाखवायचं ठरवलं होतं, आणि ओगुनीसानना लवकर आटपायला सांगितलं होतं. झाकणावर 'हवा चांगली' लिहिलेलं होतंच. तोबिता पोचला तेव्हा झाकणाच्या आत, बारा फूट खाली, ओगुनीसानच्या हेल्मेटवरचा दिवा वर छताकडे प्रकाश टाकत होता आणि हलत नव्हता.

आत उतरायचं नाही, हे तोबिताला माहीत होतं. उतरणारा दुसराही मरतो. ओरडायला हवं होतं. ते त्याला जमेना. मग त्याने हातोडा घेतला आणि जहाजाच्या पत्र्यावर मारायला लागला. तो आवाज सगळ्या बेटाने ऐकला. साहेबांच्या खोलीत चहाच्या कपांतला चहा हलला, आणि मुरोईसान खुर्ची पाडून उठले. त्यांनीच नळी लावून, हवा भरून, तोंडावर मुखवटा बांधून ओगुनीसानना वर काढलं. पण तोवर वीस मिनिटं झाली होती.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत आतली चौकशी झाली. साहेबांनी माझा कागद टेबलावर ठेवला आणि तोबिताच्या नावापुढे पेन टेकवलं.

"नळी हलवलेली तुम्ही पाहिलीत, बरोबर?"

तोबिताने मान हलवली.

"सकाळी मुकादमाने विचारलं, कशाची भीती आहे. तुम्ही काय म्हणालात ते इथे आहे." मग ते मुरोईसानकडे वळले. "तोबिता नळीबद्दल काही बोलला?"

मुरोईसानचं तोंड राखेसारखं झालं होतं. "नाही," ते म्हणाले.

शब्दाला शब्द लावला तर ते खरं होतं. तेवढ्यात तोबिता बोलायला लागला, त्याची शीर फुगली, ओठ हलले. पण साहेबांना एक फोन आला आणि ते उठले. तोबिता तसाच बसून राहिला. चौकशी संपली.

पुढच्या सोमवारी कामगार खात्याचा अधिकारी मोठ्या बेटावरच्या कचेरीत जबान्या घेणार होता. त्यावरून ठरणार होतं दोष कुणाचा ते. तोबिताचं नाव लागलं तर त्याला कुठल्याच गोदीत काम मिळणार नव्हतं. शिवाय ओगुनीसानचा जीव त्याच्या गप्प बसण्यामुळे गेला, असं कागदावर कायमचं राहणार होतं. एवढ्या लहान बेटांवर ते कागदावरच थोडंच राहतं.

रविवारी संध्याकाळी साहेबांनी मला घरी फोन केला. आवाज गोड होता. "मित्सुएसान, उद्या तुम्हालाही विचारतील. घाबरायचं काही नाही. तुमचा कागद आहे ना, तो बोलेल. एवढंच लक्षात ठेवा, तो कागद खोटा ठरला, तर खोटा कागद करणारी कोण, हाही प्रश्न येतो." मी हो म्हटलं. त्या दिवसांत माझी आई इस्पितळात होती आणि घरात मी एकटी मिळवती होते. हे सांगतेय ते माफीसाठी नाही. तेव्हा मला हेच कारण पुरेसं वाटलं होतं.

सोमवारी मुरोईसान आणि मी एकाच बोटीने निघालो. ते वर थंडीत उभे होते. म्हणाले, "काल तोबिताकडे गेलो होतो. त्याच्यापुढे डोकं जमिनीला टेकलं. म्हटलं, त्या दिवशी काय सांगणार होतास ते आज सांग. मी ऐकतो."

"मग?"

"बोलला. नळी पाचव्यावर नेलीय, ओगुनीसान, उतरू नका. एवढंच होतं, मित्सुए. एवढंच." त्यांनी नाक पुसलं. "आज मी खरं सांगणार. हात वर केला ते सांगणार. तू समोर होतीस. तूही सांग."

"हो," मी म्हटलं.

कचेरीत मुरोईसान आधी आत गेले. मी बाकावर बसून होते, दार पुरतं लागलेलं नव्हतं. मुरोईसान बोलत होते आणि थांबत नव्हते. बापाच्या ओठांपासून ते स्टॉपवॉचपर्यंत सगळं सांगत होते. बोलणं एवढं पसरलं की त्यातलं काय लिहून घ्यायचं ते अधिकाऱ्याला कळेना. तो म्हणाला, "आपल्या माणसाबद्दल तुम्हाला वाटतं ते मी समजू शकतो. पण कागदात काही वेगळं आहे. त्याने बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही थांबवलं, हे दुसऱ्या कुणी पाहिलंय का?"

"मित्सुएने पाहिलंय."

मला आत बोलावलं. मुरोईसान खुर्चीत तसेच होते. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने विचारलं, "तोबिता बोलायचा प्रयत्न करत होते, हे तुम्ही पाहिलंत का?"

मी म्हटलं, "मी मान खाली घालून शिक्के मारत होते. मला काही दिसलं नाही."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मुरोईसानकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. परतीच्या बोटीत ते माझ्या शेजारीच बसले. धक्का दिसायला लागल्यावर म्हणाले, "आई कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे.

अहवाल जानेवारीत आला. त्यात तोबिताचं नाव होतं आणि मुरोईसानबद्दल एक ओळ होती, की मुकादमाने आपल्या माणसाला वाचवण्याच्या भावनेने जबानी दिली. तोबिताने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. आपल्या बेटावर शिंपल्यांच्या शेतीत दोर ओढायचं काम करायला लागला. तिथे दिवसभर कुणाशी बोलायची गरज पडत नाही. मुरोईसाननी मुकादमकी सोडली. निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं त्यांनी गोदी झाडण्यात काढली, आणि सकाळी रांगेत शेवटी उभे राहायचे. त्यांची पाळी आली की ते रोज एक तरी धोका सांगायचे, सांडलेलं तेल, सैल फळी, काहीही, सविस्तर. नवा मुकादम हात वर करायचा. ते थांबायचे नाहीत. माणसं कुजबुजायची की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. सभा दहा मिनिटांवर गेली आणि पितळी पाटी एक दिवस कुणी तरी काढून नेली.

ओगुनीसानच्या बायकोने मुरोईसानना कधी दारात उभं केलं नाही. दर वर्षी त्या तारखेला ते दाराबाहेर संत्री ठेवून यायचे, आणि संत्री तिथेच सडायची. पण दर रविवारी ते बोट पकडून तोबिताकडे जायचे. अकरा वर्षं गेले, निवृत्तीनंतरही, तोबिता यकृताच्या दुखण्याने मरेपर्यंत. तिथे काय बोलायचे, मला माहीत नाही.

२००६च्या मार्चमध्ये मुरोईसान स्वतः इस्पितळात होते. छातीत पाणी झालं होतं. मी भेटायला गेले, सफरचंद सोलून दिलं, ते त्यांना खाता आलं नाही. मी म्हटलं, "मुरोईसान, मी त्या दिवशी खोटं बोलले. मी बघत होते."

"माहीत आहे."

"कसं?"

"पाटी तुझ्या छातीशी होती. हात हललाच नाही तुझा. शिक्के आधीच मारलेले होते." श्वास घ्यायला ते थांबले. "तोबिता न-न करत होता तेव्हा तू त्याच्याकडे बघत होतीस. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, पण तू बघतेयस हे मला दिसत होतं."

"मग अधिकाऱ्यासमोर बोलला का नाहीत? नंतर कधी मला बोलला का नाहीत? बारा वर्षं झाली."

"वाट बघत होतो," ते म्हणाले.

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, आणि मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग. तोबिताच्या बायकोला सांग. तो तर गेला." आठव्या दिवशी तेही गेले.

अंत्यसंस्कार झाले आणि दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या बेटावर गेले. तोबिताच्या बायकोने दार उघडलं, मला ओळखलं, आत बसवलं. मी सगळं सांगितलं. साडेसातला मारलेले शिक्के, मानेवरची शीर, दारात टोपी घेऊन उभ्या नवऱ्याला परत पाठवणं, साहेबांचा फोन, बाक, आणि माझं ते वाक्य. सांगताना मी खाली बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी माझ्यापुढचा गार झालेला चहा उचलला, दुसरा करून आणला, ठेवला, आणि बसल्या.

"तुमच्याबद्दल इथे कुणी वाईट बोललं की ते मधे पडायचे," त्या म्हणाल्या. "त्यांना फार वेळ लागायचा, पण पुरं बोलूनच सोडायचे. म्हणायचे, मित्सुएसान मान खाली घालून लिहीत होत्या, त्यांना दिसलं नसणार. दिसलं असतं तर त्या बोलल्या असत्या."